विझवलेले पाइप

मु. घर, ता. ९ मार्च

चि. खारू हिस आजीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. फोनवर तू घसा फोडतेस आणि मला नुसती गुणगुण ऐकू येते, म्हणून या वयात लेखणी झिजवायची. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे. लागलं नाही तर चष्मा बदल.

तुम्ही म्हणे दवाखान्याची इमारत आधी कॉम्प्युटरात अख्खी उभी करता. त्यात प्लंबरचे पाइप, वायरमनच्या तारा, हवेवाल्यांचे पत्र्याचे बोगदे सगळं घालून बघता, आणि कुणी कुणाच्या अंगावर आलं की तिथे लाल ठिपका उमटतो. मग त्या सगळ्यांना एका टेबलाशी बसवून भांडण मिटवायचं, हे तुझं काम. म्हणजे चार जावा एका चुलीवर नांदवायच्या. एवढं मला कळलं. मोठ्या साहेबांपुढे एकही ठिपका निघाला नाही आणि टाळ्या वाजल्या, हे शेजारणीला तीनदा ऐकवून झालं.

पण खारे, टाळ्या तू एका ओळीत उरकल्यास. लहानपणी साधं पेन्सिलीचं बक्षीस मिळालं तरी गल्लीभर नाचायचीस. आणि तो प्लंबरांचा मुकादम, उतारमामा, पाइपला उतार हवाच म्हणून सारखा घोकतो आणि सगळे त्याला चिडवतात, त्याच्या गमतींनी तुझी पानं भरायची. या वेळी त्याचा उल्लेखही नाही. काय लपवलंयस?

न कळवलंस तरी मी तर्क करीनच, आणि माझे तर्क वाईट असतात. माया आहे, ती गृहीत धर.

तुझी आजी

मु. साइट, ता. १६ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझा तर्क काय असेल तो असो, खरं त्याहून वाईट आहे.

तिसऱ्या मजल्याच्या बोळात लाल ठिपके संपत नव्हते. मामा म्हणत होते, सांडपाण्याचा पाइप वर उचलला तर उतार जाईल आणि घाण तुंबेल. हवेवाले म्हणत होते, बोगदा खाली घेतला तर छत डोक्याला लागेल. दोघांचंही बरोबर होतं, आणि साहेबांची बैठक तोंडावर आली होती. कॉम्प्युटरात कुणाचंही काम एका कळीनं विझवता येतं. ते असतं तिथंच, पण दिसत नाही आणि टकरीत धरलं जात नाही. मी मामांचे पाइप विझवले. वाटलं, बैठक पार पडली की परत पेटवीन आणि निवांत मिटवीन. पण साहेबांनी तिथल्या तिथे हवेवाल्यांना काम सुरू करायला सांगितलं, आणि टाळ्यांत माझं तोंड उघडलं नाही.

आता बोगदा लागलाय, नेमका पाइपच्या वाटेत. साहेब म्हणतात, मॉडेलमध्ये टक्कर नव्हती, म्हणजे प्लंबरांनीच पाइप मनमानी हलवले. महिनाअखेरीच्या बैठकीत मामांची टोळी काढून दुसरी आणायचं ठरणार आहे.

परवा मामा माझ्याकडे आले. म्हणाले, ताई, आमचा पाइप तुमच्या कॉम्प्युटरात कुठे आहे तेवढं साहेबांना दाखवा, आमची अब्रू राहील. मी मान हलवली. तेव्हापासून जिना टाळून मागच्या शिडीनं चढते, ते समोर येऊ नयेत म्हणून. आजी, मला माझंच तोंड बघवत नाही.

रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझी खारू

मु. घर, ता. २१ मार्च

चि. खारूस आशीर्वाद, पण हात आखडून.

तुझं पत्र वाचत होते तेवढ्यात शेजारीण आली आणि मी ते उशीखाली सरकवलं. सरकवताना माझीच मला लाज वाटली. पाहुणे आले की पसारा पलंगाखाली ढकलायचा, हे तू याच घरात शिकलीस. माझ्या पलंगाखाली पातेली असतात. तू जिती माणसं ढकललीस.

तोंड बघवत नाही म्हणे. मग आरसा पालथा घाल, मला कशाला लिहितेस? मी काय प्लंबर आहे? तो बिचारा साक्ष मागायला चोराच्याच दारात आला आणि तू मान हलवलीस. मान तर नंदीबैलही हलवतो.

साहेबांना सांगशीलच, पण आधी मामाला सांग, आणि त्याच्या माणसांदेखत सांग. बदनाम चारचौघांत झालाय तो. कोपऱ्यात बोलावून मागितलेली माफी म्हणजे परत पलंगाखालीच.

नोकरी गेली तर जाऊ दे, असं मी म्हणणार नाही. घर तुझ्यावर चालतं, मला जड जाईल. तरी सांग.

सांगून झालं की लिही. नाही सांगितलंस तर तिकीट वाया घालवू नकोस.

आजी

मु. साइट, ता. २ एप्रिल

ती. आजीस सा. न. वि. वि.

तिकीट लावते आहे.

बैठकीच्या आधी मामांची माणसं डबे उघडून बसली होती, तिथे गेले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. पाइप मी विझवले, एवढंच निघालं. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मामांनी डबा बंद केला आणि म्हणाले, चला, पेटवून दाखवा.

बैठकीत सगळ्यांसमोर पेटवले. बोळभर लाल झालं. टोळी काढायचा विषय तिथेच मिटला. मला त्या टेबलावरून उठवलं. नोकरी आहे, पण आता बोगदा उतरवणाऱ्या हवेवाल्यांजवळ उभं राहायचं आणि त्यांचं ऐकून घ्यायचं. ते खूप ऐकवतात.

मामा पूर्वी मला ताई म्हणायचे. आता मॅडम म्हणतात, अगदी अदबीनं.

आशीर्वाद थोडा सैल सोड.

तुझी खारू

मु. घर, ता. ७ एप्रिल

चि. खारू हिस अनेक आशीर्वाद.

तो ताई म्हणेल की नाही, ते त्याचं त्याच्याकडे. तू मागायला जाऊ नकोस.

शेजारणीला बोलावून सगळं सांगितलं. टाळ्या तीनदा सांगाव्या लागल्या होत्या, हे एकदाच पुरलं. तिनं विचारलं, नात अशी कशी निघाली? म्हटलं, माझ्यावर गेली. पलंगाखालचंही बाहेर काढलंय. बसायला जागा उरली नाही, म्हणून बाईनं चहा उभ्यानंच घेतला.

शिडी सोडून दे, जिन्यानं चढत जा. मामा समोरून आला तर अंग चोरू नकोस, बाजूला हो. वाट आधी त्याची.

माया होती तेवढीच आहे.

तुझी आजी