शुक्रवारी गर्दी नाही

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. सूतवाल्या व्यापाऱ्याने दिवाळीला दिलेली ही डायरी यमुनेने किराण्याच्या यादीसाठी घेतली होती. पहिली दोन पानं फाडून ताब्यात घेतली.
विषय एकच. आग्र्याला जावं की न जावं. निर्णय पंधरा दिवसांत, आणि भावनेच्या भरात नाही, अभ्यास करून. अठ्ठेचाळीस पॉवरलूम सांभाळणाऱ्या मुकादमाला एक शहर जोखणं जड नाही.
माझं मत तयार आहे (नको). पण अभ्यास निष्पक्ष पाहिजे.

४ नोव्हेंबर, मंगळवार
पार्श्वभूमी लिहून ठेवतो. लग्नानंतर आठव्या दिवशी मी आणि यमुना चौकातल्या स्टुडिओत फोटो काढायला गेलो. मागे ताजमहालाचा रंगवलेला पडदा. मी मधोमध उभा राहिलो. त्यामुळे घुमट माझ्यामागे गेला आणि दोन मिनार माझ्या दोन कानांतून निघाल्यासारखे दिसतात. यमुना कडेला, अर्धी पडद्याबाहेर. तेव्हा मी म्हणालो होतो, पुढच्या वर्षी खरा दाखवतो.
त्याला एकोणतीस वर्षं झाली. मध्ये अडचणी आल्या. योगिता झाली, लूमची कामं, एका वर्षी उन्हाळा फार होता, एका वर्षी थंडी.
आज यमुना भाकरी थापता थापता म्हणाली, माझे गुडघे चालून राहिले तोवर दाखवता का नाही ते सांगा, नाही तं मी योगितासंगे जाते. योगिता आमची मुलगी, ग्वाल्हेरला बँकेत आहे. तिथून आग्रा जवळ. मी म्हणालो, मी नेणार म्हटलं म्हणजे मीच नेणार. त्यावर यमुना म्हणाली, हे तुम्ही योगिता पहिलीत होती तवापासून म्हणून राहिले.
स्वर आवडला नाही. पण मी शांत राहिलो. भाकरी मात्र दोनच खाल्ल्या. तिने तिसरी विचारली नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
आज लूम बंद. आमच्या धंद्याचा रविवार बुऱ्हाणपुरात शुक्रवारी येतो. तीस वर्षांत माझं अंग इतकं सरावलंय की शुक्रवारी सकाळी आपोआप उशिरा जाग येते. लग्नकार्य, दाढी, फिरणं, सगळं शुक्रवारी.
अभ्यासाचा पहिला टप्पा: आग्र्याची गरजच काय? मुमताज मूळची आमच्याकडची केस. गेली इथे, बुऱ्हाणपुरात. तापीपलीकडे आहुखान्यात, म्हणजे मोगलांच्या जुन्या शिकारबागेत, सहा महिने ठेवली, मग आग्र्याला नेली. ताजसुद्धा तापीकाठीच व्हायचा होता, पण जमिनीत वाळवी निघाली असं इथे सगळेच सांगतात. त्या काळी कोणी वाळवीचा बंदोबस्त केला नाही आणि फळं आम्ही भोगतोय.
यमुनेला स्कूटरवर आहुखान्यात नेलं. म्हटलं, हे बघ ओरिजिनल. तिकडे आहे ते नंतरचं. तिने भिंत बघितली, भिंतीवरची शेळी बघितली, शेंगदाणे संपवले आणि म्हणाली, चला.
मला वाटलं समाधान झालं. घरी आल्यावर तिने माळ्यावरची सुटकेस काढून उन्हात ठेवली.

९ नोव्हेंबर, रविवार
साक्षीपुरावे. शेजारच्या भागाबाई भजनी मंडळाबरोबर दोन वर्षांपूर्वी आग्र्याला जाऊन आल्या. त्यांना ओट्यावर बसवून रीतसर विचारलं. गर्दी? म्हणाल्या, बाप्पा, मुंग्यांवानी लोक. धक्काबुक्की? म्हणाल्या, माझी एक चप्पल तिकडंच राह्यली. ऊन? म्हणाल्या, दगड तापून तापून पाय भाजले. मी सगळं लिहून घेतलं. उठताना त्या म्हणाल्या, पन भाऊ, मी रडली तिथं, काहून ते नाही माहीत, वहिनीले एक डाव दाखवाच.
शेवटचं वाक्य अभ्यासाच्या कक्षेबाहेरचं आहे.
रात्रीच्या जेवणाआधी तक्ता पूर्ण केला. ‘न जावं’ या रकान्यात चौदा मुद्दे. ‘जावं’ या रकान्यात एक: यमुना.
चौदा विरुद्ध एक. निकाल स्पष्ट आहे. तक्ता यमुनेला दाखवला. तिने चष्मा लावून सगळा वाचला, घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या पाटाखाली ठेवला.

१० नोव्हेंबर, सोमवार
यमुना बोलत नाही. म्हणजे बोलते, पण भिंतीशी. भिंतीला म्हणाली, काही लोकांना पडद्यावरचाच पुरतो.
खरं सांगायचं तर वाईट वाटलं. फोटो काढून बघितला. एकोणतीस वर्षांपूर्वी ती हसत होती.
संकल्प: १) फेरविचार. २) चिडायचं नाही. ३) एकाग्रतेसाठी व्हॉट्सॲपच्या सगळ्या ग्रुपमधून बाहेर. घरचा, कारखान्याचा, दोन्ही सोडले. डोकं एकदम हलकं झालं.

१२ नोव्हेंबर, बुधवार, दुपारी
शोध लागला! कारखान्यात कडूने फोनवर दाखवलं. कडू माझ्या हाताखाली लूम चालवतो, पण फोन त्याला जास्त कळतो. नकाशात कुठलंही ठिकाण काढलं की तिथे कोणत्या वारी किती गर्दी ते निळ्या पट्ट्यांत येतं. ताजमहाल काढला. रविवार: पट्ट्या आभाळाला टेकलेल्या. शनिवार: तसंच. सोमवार ते गुरुवार: बऱ्यापैकी.
शुक्रवार: एकही पट्टी नाही. एकही!
आपल्याकडे शुक्रवारी सगळा गाव बाहेर पडतो, आणि तिकडे माणूस फिरकत नाही. आग्र्याचे लोक शुक्रवारी कामावर जात असणार. जगातली एवढी प्रसिद्ध वास्तू आठवड्यातून एक दिवस रिकामी पडून असते आणि हे कोणाच्या लक्षात आलेलं नाही. खाली इंग्रजीत लाल अक्षरात काहीतरी होतं. चष्मा घरी होता. कडूला वाचायला सांगणार होतो, तेवढ्यात बाराव्या लूमचा धागा तुटला.
गर्दी नाही म्हटल्यावर चौदातले नऊ मुद्दे बाद. उरले पाच. तेवढे यमुनेसाठी सहन करू.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
स्टेशनवर जाऊन जाण्यायेण्याची दोघांची तिकिटं काढली. गुरुवारी, २० तारखेला संध्याकाळी निघायचं, शुक्रवारी सकाळी आग्रा, निवांत ताज, शुक्रवारी संध्याकाळी परतीची गाडी, शनिवारी मी लूमवर हजर. एका दिवसाचीही रजा नाही! शेठला सांगितलं, मी नसताना तुमचा एकही लूम थांबणार नाही. शेठ म्हणाले, दोन दिवस घ्या लीलाधरभाऊ, आरामात बघा. मी नाही म्हटलं. मी नसलो की काय होतं ते शेठला माहीत नाही, कारण मी कधी नसतोच.
यमुनेला तिकिटं दिली. तिने ती देवाजवळ ठेवली, हळदकुंकू वाहिलं. मग डोळ्याला पदर लावून आत गेली. आज तीन भाकरी, वर ठेचा, वर मावा जिलेबी.
इतक्या वर्षांत हे आधी का केलं नाही? कारण आधी अभ्यास नव्हता.

१६ नोव्हेंबर, रविवार
योगिताचा फोन. मम्मीने सांगितलं, पप्पा, म्हणे फ्रायडेला येताय? मी म्हटलं, होय, मुद्दाम. ती म्हणाली, अरे पप्पा, सुनो तो, फ्रायडेला तो... मी मध्येच थांबवलं. म्हटलं, फ्रायडेला तुला बँक असते हे मला माहीत आहे, रजा टाक आणि आग्रा स्टेशनवर ये, मला शिकवायची गरज नाही. ती म्हणाली, मेसेज करते. मी म्हटलं, मी ग्रुप सोडलाय. मग तिने यमुनेला फोन दिला पाहिजे म्हणून हट्ट धरला. दोघी बराच वेळ बोलत होत्या. यमुना मध्येच माझ्याकडे बघून हसली.
किती वर्षांनी हसली. प्रवासाचा परिणाम निघायच्या आधीच सुरू झाला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
यमुनेचं पॅकिंग. एका दिवसाला चार साड्या! मी म्हटलं, कुठे दुकान लावायचंय? म्हणाली, असू द्या. टॉवेल, तेलाची बाटली, गुडघ्याचा पट्टा, दोन दिवसांच्या गोळ्या. मी म्हटलं, शनिवारच्या गोळ्या आपण घरी येऊन घेणार. म्हणाली, असू द्या ना.
बायकांना नियोजन जमत नाही. माझी पिशवी: एक शर्ट, टोपी, चष्मा आणि कडूने जसोंडी गावातल्या त्याच्या शेतातून दिलेली केळीची मोठी फणी.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी ९.४०, आग्रा
गाडी वेळेवर. योगिता स्टेशनवर हजर. पाया पडली आणि लगेच आईच्या गळ्यात पडली. दोघी कशाला तरी हसत होत्या.
रस्ते बघून खात्री पटली. गेटच्या दिशेने जाणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. ऑटोवाला म्हणाला, आज? मी म्हटलं, आजच.

सकाळी १०.१५
बंद आहे.
ताजमहाल दर शुक्रवारी बंद असतो. मोठा पितळी कुलपाचा दरवाजा. पोलीस म्हणाला, आज शुक्रवार है चाचा, कल आइए. मी त्याला समजावून सांगितलं की शुक्रवार सुट्टीचा दिवस असतो, सुट्टीला बंद ठेवलं तर लोकांनी बघायचं केव्हा. तो म्हणाला, संडे को. मी शेवटी सांगितलं, मी बुऱ्हाणपूरचा आहे. तो म्हणाला, तो?
मुमताजबद्दलही सांगितलं. तो चहा प्यायला गेला.

दुपारी १.३०
योगिता म्हणाली, नदीपलीकडे बाग आहे, ती आज चालू असते, तिकडून ताज मस्त दिसतो, चला. मी म्हटलं, रात्रभर प्रवास करून ताज पाठीमागून बघणार नाही. शिवाय पोलिसाचं काही सांगता येत नाही, अचानक उघडलं तर कोणीतरी गेटवर पाहिजे. दोघी गेल्या. यमुना ऑटोतून मागे वळून बघत होती, ते पुष्कळ वेळ दिसत राहिलं.
मी फुटपाथवर बसलो. माकडांनी केळी नेली. आग्र्यात जसोंडीच्या केळीची कदर आहे, एवढं तरी कळलं.

दुपारी ४.००
दोघी परत. यमुनेच्या चेहऱ्याकडे बघून मी टोपी डोळ्यांवर ओढली.
मग उलगडा. योगिताने उद्याचीही रजा टाकली आहे. दोन रात्रींची खोली घेतलेली आहे. यमुनेला रविवारपासून माहीत होतं. मी म्हटलं, मला का नाही सांगितलं? यमुना म्हणाली, सांगितलं असतं तं तुम्ही तिकीट कॅन्सल करून आले असते, अन् मंग पुढच्या वर्षी म्हटलं असतं.
हा आरोप निराधार आहे, असं म्हणणार होतो. म्हटलं नाही.
ती म्हणाली, थांबा, उद्या तिघं बघू. मी म्हटलं, उद्या शनिवार, लूम चालू, मी शेठला शब्द दिलाय. ती म्हणाली, एक दिवस नाही गेले तं काय होते? मी म्हटलं, तुला लूमचं कळत नाही. ती तिसऱ्यांदा बोलली नाही.
मला तिसऱ्यांदाची अपेक्षा होती.

२२ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी ११.००
परतीचा प्रवास. समोरचा बर्थ यमुनेचा, रिकामा. ग्वाल्हेरला एक माणूस चढला आणि न विचारता त्यावर आडवा झाला.
स्टेशनवरून घरी न जाता थेट कारखाना. कुलूप. कडू टपरीवर पेपर वाचत होता. सूतच आलं नाही म्हणे, मंगळवारपर्यंत सगळे लूम बंद. म्हणाला, मुकादम, शेठने गुरुवारीच ग्रुपवर टाकलं होतं.
हे लिहीत असताना तिकडे दोघी ताज बघत असतील. शनिवार आहे. पट्ट्या आभाळाला टेकलेल्या असतील. बरं झालं, मला गर्दी सहन होत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
भागाबाईंनी ओट्यावरून विचारलं, भाऊ, बघितला काय ताज? मी म्हटलं, गेट फार भव्य आहे. त्या म्हणाल्या, आन् आतमंदी? मी म्हटलं, आतलं शब्दांत सांगण्यासारखं नाही.
एकही शब्द खोटा नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी
यमुना काल आली. चारही साड्या नेसून झाल्या होत्या. गुडघे दुखतायत म्हणते आणि सांगताना उभी राहून हातवारे करते. मी मध्ये दोनदा तिची चूक दुरुस्त केली (मिनारांची उंची). तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, तुम्हाला कसं माहीत?
अभ्यासाचा अंतिम निष्कर्ष लिहायचा होता: आग्रा, जाण्यालायक नाही. लिहायला बसलो तोच तिने योगिताने छापून दिलेला फोटो आणला आणि भिंतीवर स्टुडिओतल्या फोटोशेजारी लावला. ताजसमोरचं संगमरवरी बाक. त्यावर यमुना, हसतेय, तशीच, तेव्हासारखी. बाकाच्या एका टोकाला बसलीय. बाजूची सगळी जागा मोकळी.
चष्मा दोनदा पुसला, हे इथे लिहायला हरकत नाही. मी विचारलं, माझ्यासाठी सोडली होतीस ना जागा?
यमुना म्हणाली, नाही हो. फोटोवाला म्हणाला, बाजूला सरका, मागचा घुमट दिसू द्या. बघा ना, एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा अख्खा आला.