चेहरे ताईकडे आहेत

चँडलर, अ‍ॅरिझोना
९ मार्च २०२५

ती. कांचनताई,

नमस्कार. मी बरी आहे, गुडघे नाहीत. अनीश ऑफिसात बुडालेला. त्याची केया सतरा वर्षांची झाली, गाडी चालवते आणि मला दिवसभर "आज्जी, यू आर सो स्लो" ऐकवते.

काल तिने मला एका जत्रेला नेलं. लोक युरोपातल्या जुन्या राजाराण्यांच्या काळातले वेश करून येतात. अगं, काय एकेक सोंगं! चिलखत घातलेला सरदार हातात लिंबू सरबत घेऊन उभा! मी झाडाखाली स्केचबुक उघडून बसले. इथली हवा मेली इतकी कोरडी, की ब्रश कागदाला टेकेपर्यंत रंग वाळतो. तरी अकरा माणसं रंगवली. झालरी, टोप, पट्टे, सगळं झक्क.

सरदार येऊन वहीत डोकावला. "व्हेअर इज माय फेस?"

"माय सिस्टर हॅज इट," मी म्हटलं.

"आज्जी, दॅट्स सो क्रीपी!" केया हसत सुटली. मीही हसले, आणि मग गॉगल लावला.

तिला काय सांगू? कुडाळला देवळामागे दशावतारी वेश चढवून बसायचे, तेव्हा एकाच वहीत मुकुट-शेले मी रंगवायचे आणि चेहरे तू. "डोळ्यांक हात लाव नको हां," असं दटावायचीस.

ताई, इतकी वर्षं पत्रांत नुसतं हवापाणी लिहिलं. आज लिहिते. ती वही मी मुंबईच्या चित्रकलेच्या कॉलेजात माझी एकटीची म्हणून दाखवली. प्रत्येक पानावर माझीच सही. प्रवेश मला मिळाला. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू माझी ट्रंक भरून दिलीस आणि पुन्हा ब्रश हातात धरला नाहीस. चेहरे मी तिथे शिकले, पण मार्कांपुरते. मनासारखा एकही उतरला नाही गं.

सोबत कालचं स्केचबुक पाठवतेय. काढावेसे वाटले तर चेहरे तू काढ. नाही वाटलं तरी वही ठेवून घे, परत पाठवू नकोस. आणि "ये" एवढं फोनवर म्हणालीस, तर मी तिकीट काढते. मला तुझ्या शेजारी बसून रंगवायचंय, बाकी काही नको.

वहीत कुठेही मी सही केलेली नाही. आधी तुझी होऊ दे. इथे, पत्राखाली मात्र करते.

तुझीच,
शोभना