बाहेर उणे बावीस, घरात तेरा

ब्योर्कनेस, १४ डिसेंबर

आदरणीय यॉर्डिसताई,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा दोन स्वेटर आणि कानटोपीसह सादर नमस्कार. तुमचा नवा खुबा कसा आहे? जिना चढता का? डॉक्टर सांगतील तेवढंच चाला, उगाच बर्फावर शौर्य दाखवू नका. गुनवोर तुमच्याकडे सुखरूप पोचल्याचं तिने फोनवर कळवलं. बोलणं एकोणीस सेकंद झालं. (मी मोजत नव्हतो, फोनच दाखवतो.) तुमच्या फ्लॅटमध्ये नगरपालिकेची गरमी नळाने येते, त्यामुळे आमच्यासारख्या स्वावलंबी माणसांची दुःखं तुम्हाला कळायची नाहीत. म्हणून सविस्तर लिहितो.

अंगणात एकशे ऐंशी मीटर खोल बोअर मारून जमिनीखालची उष्णता पंपाने घरात आणायची, हा हट्ट माझा. तीन वर्षं मी गावातल्या प्रत्येक कॉफीला या पंपाचं पुराण लावलं. (चर्चच्या कॉफीलासुद्धा; आमच्या पाद्रीबाईंना बोअरची खोली तोंडपाठ आहे.) आणि या वर्षी ॲडव्हेंटचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतला, पहिला रविवार झाला, थंडी उणे बावीसवर गेली, आणि घर एकवीस डिग्रीवरून घसरत घसरत चौथ्या दिवशी पंधरावर आलं. पंपाच्या पडद्यावर मात्र ‘सर्व ठीक’. ताई, माणूस आजारी पडला तर निदान कण्हतो तरी. हे यंत्र आपलं हसतमुख.

आता भांडणाचं सांगतो, कारण तुम्ही एकच बाजू ऐकली असणार. तुमच्या बहिणीला झोपताना खिडकी बोटभर उघडी लागते. एकतीस वर्षं लागते, आणि एकतीस वर्षं मी तक्रार केली नाही. पण त्या बुधवारी मी बोलून गेलो, की मी जमिनीच्या पोटातून गरमी वर ओढायची आणि तू ती खिडकीतून कोल्ह्यांना वाटायची, तर घर तापणार कसं? त्यावर ती म्हणाली, दारातला दिवा जरा हलव, भिंत काळी होतेय. (ॲडव्हेंट लागला की पाहुण्यांसाठी दाराबाहेर पायरीवर ठेवतो तो, पत्र्याच्या डब्यातला जाड मेणदिवा.) मी म्हणालो, विषय बदलू नकोस. गुरुवारी सकाळी तिने बॅग भरली. ‘घर वीस डिग्री झालं की कळव,’ एवढंच बोलली आणि बसमध्ये बसली.

मेकॅनिकला बोलावलं असतं, पण त्याची गाडी दारात उभी राहिली की अख्ख्या गावाने पाहिली असती. तेव्हा मीच हत्यारं काढली. आधी रेडिएटरमधली हवा काढली. हवा निघाली, मागोमाग काळंकुट्ट पाणी निघालं, आणि गुनवोरने स्वतः विणलेल्या चिंधीच्या सतरंजीवर आता एक नवा पट्टा आहे. (हे तिला अजून सांगू नका.) मग गाळणी धुतली. ती स्वच्छच होती, धुताना माझ्या हातून वाकली, आणि सरळ करण्यात शनिवार गेला. बोअरच्या नळ्यांत गोठू नये म्हणून मद्यार्क मिसळलेलं पाणी असतं. ते तपासताना थोडं अंगावर सांडलं आणि तसाच दुकानात गेलो. कॅशवरच्या बाईंनी इतक्या मायेने विचारलं, ‘सिक्स्टन, बायको कधी येणार रे?’ घर तेरावर आलं. घर ओकंबोकं वाटू नये, गुनवोर परत आली तर लांबून बसमधून दिसावं, म्हणून मी पायरीवर एकाऐवजी तीन दिवे लावू लागलो. चारची बस गेली की आत यायचं, हा नेम झाला.

काल शेजारचा एव्हर्ट आला. बूट काढून, कोट न काढता बसला. चार कप कॉफी आणि केशराच्या दोन पावांपर्यंत फक्त हवेबद्दल बोलला. निघताना दाराशी, एक बूट पायात घालून, म्हणाला, ‘तुझ्या भिंतीवरची ती पांढरी डबी, दिव्यांच्या वर, ती कसली रे?’

ताई, ती पंपाची डबी. बाहेर थंडी किती हे पंपाला तीच सांगते, आणि पंप त्या हिशेबाने घर तापवतो. मी धावत जाऊन पंपाचा पडदा पाहिला. बाहेरचं तापमान: अधिक सोळा! मी ती ओळ कधी पाहिलीच नव्हती. बाहेरचं तापमान यंत्राला कशाला विचारायचं, स्वयंपाकघराच्या खिडकीला आपला थर्मामीटर आहे की. पंप बिचारा वसंत आला म्हणून हात जोडून बसला होता. आणि मी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती. तिच्यासाठी जितके दिवे लावावेत, तितकं तिचं घर गार पडत होतं. हे कळल्यावर मी पायरीवरच बसून राहिलो, उणे बावीसमध्ये.

एव्हर्टला विचारलं, कधीपासून लक्षात आलं? म्हणाला, गुनवोर गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. मग बोलला का नाहीस? तर म्हणतो, ‘दुसऱ्याच्या भिंतीबद्दल आपण कसं बोलायचं?’

दिवे आता फाटकापाशी आहेत. आज घर एकवीस. खुब्याला जपा.

आपला,
सिक्स्टन

ता. क. पत्राचं खरं काम राहिलंच. घर एकवीस झाल्याचं गुनवोरला तुम्ही सांगा, पण कारण सांगू नका. सुटा भाग खराब होता म्हणा. तुमचं ती ऐकते.

ता. क. २. पाकीट बंद करणार तोच एव्हर्ट शिडी मागायला आला आणि जाताना बोलून गेला, की मला सांगणं बरं दिसेना म्हणून त्याने बायकोला सांगितलं होतं, आणि तिने त्याच दुपारी गुनवोरला. म्हणजे गेले नऊ दिवस तुम्ही दोघी सारं जाणून आहात आणि तिकडे कॉफी पिताय. तेव्हा वरची चारही पानं बाजूला ठेवा, सुट्या भागाचं तर बोलूच नका. तिला फक्त ही ओळ वाचून दाखवा:

गुनवोर, खिडकीचा दोष नव्हता, माझा होता. घर एकवीस डिग्री आहे आणि मला करमत नाही. ये.