मोठा मासा बाबांच्या ताटात

तीर्थरूप आईस, इतक्या लांबून पाया पडते.

मी खुशाल आहे. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. घरमालकीण किरकिरी आहे, पण मनाची वाईट नाही.

माझं काम ऐकून तू हसशील. इथल्या संग्रहालयाच्या तळघरात खाडीतले जुने मासे बरण्यांत घालून ठेवलेत, काही तर तुझ्या लग्नाआधीचे. त्यांच्या पाठीचा नखाएवढा तुकडा कापायचा आणि त्यात किती पारा आहे ते यंत्रावर मोजायचं. म्हणजे त्या साली पाणी किती नासलं होतं ते कळतं. यंत्राला मांस काय, केस काय, सगळं चालतं.

आपल्याकडच्यासारखाच इथेही खाडीकाठी कारखाना होता. त्या काळातल्या माशांत पारा भरपूर सापडतो. मोठ्यांत जास्त, लहानांत कमी. खाणाऱ्याच्या अंगातही तो साचत जातो.

तुकडे कापताना आपली पंगत आठवते. बाबा राबायचे म्हणून मोठा मासा त्यांच्या ताटात, आम्हा बहिणींना बारकी मासळी. मी किती रुसायचे. तू म्हणायचीस, "लहान तोंडाला लहान मासा." आता त्या बारक्या मासळीसाठी जीव कासावीस होतो.

ताई बरी आहे ना? बाबांच्या हातून चहा अजून सांडतो का?

त्यांना अंगणात बसवून केस अजून तूच कापतेस ना? या खेपेला चिमूटभर कागदात बांधून पाठव. त्यांनी विचारलंच तर म्हण, लेकीला आठवण हवी आहे.

तुझी धाकटी