राक्षसाचं हसू

३ फेब्रुवारी, मंगळवार
पिटूचा श्वासाचा आकडा परत घसरला. त्या नळीत फुंकता फुंकता माझ्या बहिणीचे डोळे बाहेर आले, तरी नाही. डॉक्टर म्हणाले, "सोमवारपर्यंत वर आला नाही, तर दोन आठवडे भरती." आणि पुढच्या मंगळवारी तिचं शाळेत नाटक. राक्षस आहे ती! शोभेल असं काम एकदाच मिळतं माणसाला.

४ फेब्रुवारी
फिजिओताईंनी मला समजेल असं सांगितलं. छातीतल्या नळ्यांना आतून पाण्याचा पातळ थर असतो. त्यावर कफ. बारीक केस तो झाडून वर लोटतात. पिटूची मीठ बाहेर सोडणारी दारं जन्मापासून अडकलेली. मीठ येत नाही — मग पाणीही येत नाही. कफाचा डिंक होतो, झाडूच चिकटून बसतो. म्हणून मशीनमधून खाऱ्या पाण्याची वाफ. मीठ आपल्यामागे पाणी ओढून आणतं.
शाळेत असं शिकवलं असतं तर नापास झालो नसतो. (झालो असतो.)

५ फेब्रुवारी
वाफ झाली की पिटूला पालथं झोपवून पाठीवर थापायचं, हात ओंजळीसारखे करून. हे खातं माझं. धपधप ऐकून वरच्या काकू धावत आल्या — "अगं बाई, पोरगा मारतोय की तिला!" पिटू महालबाड. लगेच विव्हळली, "काकू, वाचवा." काकूंनी माझा कान पिळला. पिटू एवढी हसली की खोकला सुटला आणि हा एवढा गोळा बाहेर! आईने वाटीत डोकावून मला टाळी दिली.
सापडलं. वाफ, थापा, वर हसवायचं.

६ फेब्रुवारी
बाबांचा चष्मा लावून डॉक्टरांची नक्कल. गोळा.

८ फेब्रुवारी
"दादा, हा विनोद कालचाच आहे." तरी हसली. गोळा.

९ फेब्रुवारी, सोमवार
भरती नाही! वर्षभरात एवढा आकडा नव्हता. डॉक्टर म्हणाले, "वाफ चुकवली नाहीत, छान." मी म्हटलं, आणि माझे विनोद? "तेही चालू दे. वाफेच्या बदली नको."

१० फेब्रुवारी
राक्षस असा हसला की पहिल्या रांगेतली दोन पोरं आईच्या कुशीत घुसली. लांबच लांब हसू, मधे एकदाही खोकला नाही. मी शिट्टी ठोकली. बाईंनी बाहेर काढलं. दारातून वाजवल्या टाळ्या.

११ फेब्रुवारी
पिटूला विचारलं, सगळ्यात भारी विनोद कुठला? म्हणाली, "एकही नाही. काकूंनी कान पिळला तेवढंच खरं हसले."
मग रोज कशाला हसायचीस?
"थापताना तुझे हात थरथरायचे, दादा. मी हसले की थांबायचे."