तळ्यावरच्या तंबूंची यादी

आबा, तुमची मोगरी अजून घरात आहे. तंबूच्या खुंट्या ठोकायच्या त्या बाभळीच्या मोगरीने सूनबाई आता मिरच्या कुटते. तुम्ही गेलात तेव्हा रांगत असलेला माझा मुलगा आज शाळेत मास्तर आहे. काल तो म्हणाला, "दादा, फागुनमा पोरेसले लिसन तोरणमाळना तळावर जासूत. तंबू टाकसूत, तीन दिन ऱ्हासूत. तुमले साहेबना कॅम्पनी माहिती शे, यादी करी द्या ना." मी कागद पुढ्यात घेतला, वर 'तंबू' असं लिहिलं, आणि हात पुढे चालेना.

यादी म्हटलं की मला आपलं स्वयंपाकघर दिसतं. तुम्ही साहेबांच्या दौऱ्याच्या तंबूंचे जमादार आणि मी वीस वर्षांचा, तुमच्याच हाताखालचा कारकून. मोठ्या तंबूच्या खुंट्या मी कमी लिहिल्या, वाऱ्यात तंबू बसला आणि साहेब तुम्हाला चारचौघांत बोलले. तुम्ही वहाणा न काढता चुलीपर्यंत आलात, आईच्या तव्याखालचं जळतं लाकूड ओढलंत आणि माझ्या उजव्या तळहातावर दाबलंत. "हाऊच हात शे ना लिखनारा?" एवढंच बोललात. आई भाकरी टाकून तुमच्या दंडाला लोंबकळली, तर कोपराच्या एका फटक्यात तिचा दात पडला. दुसऱ्या दिवशी तुम्हीच मला शहाद्याहून नवा टाक आणून दिलात. असे तुम्ही, आधी हाड मोडायचं आणि मग फुंकर घालायची. मला तुमचा राग होता, आबा, पण रागापेक्षा भीती जास्त होती.

पुढच्या वर्षी होळी तोंडावर आली असताना साहेबांना तोरणमाळच्या तळ्याकाठी कॅम्प हवा झाला, आणि होडीत चढायला पाण्यात फळ्यांचा धक्का. म्हसावदपासून वर सामान डोंगरातल्या लोकांनी वेठीने वाहायचं, असा तेव्हाचा शिरस्ता. पाण्यात उतरून खांब कोण रोवणार, तेही त्यांच्यातूनच निवडायचं होतं. गावचा कारभारी एकेकाकडे बोट दाखवून सांगत होता आणि मी लिहीत होतो. पावरा जमातीच्या एका दांडग्या माणसाकडे बोट करून तो म्हणाला, "यानी पाळनी शे." मी ऐकलं पाळी. वेठीची पाळी. म्हणून पाण्यात उतरणाऱ्यांत त्याचंच नाव पहिलं लिहिलं.

पाळणी म्हणजे काय ते तळ्यावर गेल्यावर कळलं. होळीचा नवस धरलेला माणूस ते दिवस अंगाला पाणी लावत नाही. सकाळची वेळ आहे, काठचं गवत जळून गेलेलं, तुम्ही मोगरी घेऊन उभे. तो माणूस काठावर बसूनच राहिला आहे. हात जोडून पावरीत सांगतो आहे की नवस आजारी मुलीसाठी आहे, मी पाण्यात उतरलो तर ती जाईल. म्हसावदच्या बाजारात ऐकून ऐकून मला ती बोली समजायची, तुम्हाला नाही. तुम्ही माझ्याकडे वळता. "हाऊ काय म्हनी ऱ्हायना?"

यादी चुकली म्हटलं असतं तर मोगरी माझ्यावर आली असती. मी म्हणालो, "काही नही, आबा. कामचोर शे. पानी थंडं शे म्हनस."

मग तुम्ही त्याला मारलंत. पहिला घाव खांद्यावर, दुसरा अडवायला वर केलेल्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मला काठावर ऐकू आला. केस धरून तुम्ही त्याला पाण्यात ओढलंत, डोकं बुडवलंत, "आते लागनं का थंडं?" म्हणत पुन्हा बुडवलंत. बाकीचे वेठकरी माना खाली घालून उभे होते. पाणी अंगाला लागेपर्यंत तो जिवाच्या आकांताने झटत होता. लागल्यावर त्याने धडपड सोडली आणि नुसता मार खात राहिला. दुपारी त्याच्या भावाने झाडीतून सोडलेला बाण तुमच्या मांडीत रुतला. भाऊ तुरुंगात गेला, तुम्ही जन्मभर लंगडलात. मुलीचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही. शेवटच्या दुखण्यात त्या मांडीवर हात ठेवून तुम्ही पुन्हा पुन्हा म्हणायचात, "कामचोर व्हता तो. म्हनीसन मारं." मी शेजारी बसून पाय चेपायचो आणि हो म्हणायचो.

मुलाला आज यादी दिली. तंबू दोन, खुंट्या मोजून दोनदा तपासल्या. खाली लिहिलं, होळी उलटल्यावर जा. त्याने विचारलं, "काबर?" मी म्हणालो, "तवलोंग पानी थंडं ऱ्हास."

तुम्हाला अक्षर येत नव्हतं, आबा. तुमचा प्रत्येक कागद मीच वाचून दाखवायचो. तुम्ही आज समोर बसला असता, तर हाही मीच वाचला असता, आणि तळ्यावरचं माझ्या तोंडचं ते वाक्य गाळून वाचला असता.