चौदाव्या पानावरचा शंख

३१ जानेवारी, शनिवार
उद्यापासून काळ्या लोकांच्या इतिहासाचा महिना. यंदा नुसतं मनात नाही, कृतीत. अकरा पुस्तकं मागवली, आली. अंगणात वांशिक न्यायाची पाटी ठोकली, शेजारच्या ग्रेडीच्या पाटीपेक्षा दीड फूट उंच. संकल्प एक: रोज पन्नास पानं. संकल्प दोन: आपण गोरी माणसं फार बोलतो, तेव्हा महिनाभर फक्त ऐकायचं.

संध्याकाळी डॉग पार्कमागच्या देवदाराखाली आमच्या कुत्र्याने, वॅफलने उकरून एक मोठा शंख काढला. समुद्र इथून दोनशे मैल. लोक सहलीहून काय काय आणतात आणि कुठेही टाकतात, शिस्त म्हणून नाही. धुऊन घरी आणला. उघड्या पुस्तकावर ठेवायला झकास. हीटरच्या वाऱ्याने पान उडत नाही.

१ फेब्रुवारी
नऊ पानं. पण खोलात शिरून. प्रत्येक ओळीखाली पिवळी रेघ मारली. मार्सी म्हणाली, त्यापेक्षा पुस्तकच पिवळ्या रंगात बुडवून काढ. बायकोने नवऱ्याच्या जागृतीची चेष्टा करू नये.

४ फेब्रुवारी
समोरच्या अर्नेस्टीनबाई गॅड्सडेनना गाठलं. काळ्या आहेत, वय एक्याऐंशी, म्हणजे चालताबोलता इतिहास. तुमच्या लोकांबद्दल काहीतरी शिकवा म्हटलं. त्या म्हणाल्या, बाबा ग्लेन, मी एकतीस वर्षं बीजगणित शिकवलं, त्यातलं काही अडलं असेल तर ये. किती विनय!

८ फेब्रुवारी
फुटबॉलचा अंतिम सामना. वाचन नाही. मध्यंतरात विषयावर चिंतन केलं. कोंबडीचे पंख थोडे तिखट झाले होते.

११ फेब्रुवारी
पान चौदा. मान धरली आहे. मान सुटेपर्यंत पुस्तक चौदावरच उघडं ठेवतो, शंख आहेच वर.

दुपारी अर्नेस्टीनबाई स्वतः फाटकाशी आल्या. डॉग पार्कसाठी नगरपरिषद त्याच्या मागच्या जागेत पार्किंग करणार आहे. त्या जागेत त्यांच्या पणजोबांच्या वेळची दफनभूमी आहे म्हणे. परिषद म्हणते, पुरावा दाखवा. कागद कधी झालेच नाहीत, दगड घ्यायला पैसे नव्हते. मग दगडाऐवजी कबरीवर काय ठेवायचे तेही त्यांनी सविस्तर सांगितलं. नेमकं तेव्हा माझं लक्ष ऐकणाऱ्याचा चेहरा नीट जमतोय ना, याकडे होतं. जमला असावा. शेवटी म्हणाल्या, तू रोज कुत्र्याला घेऊन तिथे जातोस. मंगळवारी सभेत ये आणि दोन मिनिटं बोल. मी म्हटलं, अर्नेस्टीनबाई, आधी अकरा पुस्तकं संपू देत, अर्ध्या ज्ञानावर बोलणं बरं नव्हे. त्या म्हणाल्या, मेलेल्यांना घाई नाही रे, बुलडोझरला आहे.

रात्री मार्सी म्हणाली, जाशील ना. जाणार म्हणजे काय, पहिल्या रांगेत बसणार.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
बसलो. कोटावर बिल्ला. अर्नेस्टीनबाई दोन मिनिटं उभ्या राहून बोलल्या, आवाज जरासुद्धा कापला नाही. मग अध्यक्षांनी विचारलं, त्या जागेत नेहमी जाणाऱ्या कुणाला तिथे कधी काही दिसलं, सापडलं आहे का. अर्नेस्टीनबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. बोलायचा मोह झाला होता, खोटं कशाला लिहू. पण संकल्प म्हणजे संकल्प. मी फक्त आदराने मान लववली. (मान बरी आहे.)

चार विरुद्ध तीन. पार्किंग मंजूर. फार वाईट वाटलं. घरी येताना आइस्क्रीम घेतलं.

१८ फेब्रुवारी
परिषदेला जळजळीत पत्र लिहिलं, तीन पानी. मार्सी म्हणाली, मतदान काल झालं. मग पाठवलं नाही. पण भाषा उतरली आहे चांगली.

२४ फेब्रुवारी
बुलडोझर आला. सकाळपासून घरघर, वाचनात मन लागेना. वॅफलही भुंकत होता, त्यालाही अन्याय कळतो.

२६ फेब्रुवारी
डांबर पडलं. एकोणीस गाड्यांची सोय.

२८ फेब्रुवारी, शनिवार
महिन्याची सांगता म्हणून अर्नेस्टीनबाईंना कॉफीला बोलावलं. पुस्तकांचं कपाट दाखवायचं होतं. कपाट त्यांनी पाहिलंच नाही. टेबलापाशी थांबल्या. हा कुठला, म्हणाल्या. मी सगळी हकीकत सांगितली: वॅफल, देवदार, एकतीस जानेवारी. माझ्याकडे तारखेसकट नोंद असते. त्या खुर्चीत बसल्या. विचारलं, सतरा तारखेला हा इथेच होता? म्हटलं, हो, इथून हललाच नाही, पान धरून आहे.

त्यांनी शंख दोन्ही हातांत घेतला आणि मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, खेचराच्या गाडीतून आणायचे, समुद्रावरून, आठ दिवस लागायचे. त्यांचे डोळे भरले होते. मनाचा मोठेपणा दाखवून म्हटलं, तुम्हीच ठेवा, माझ्याकडून भेट.

कॉफी न घेताच गेल्या. शंख घेऊन गेल्या. दार मी उघडलं, तरी आभार नाहीत.

सायंकाळी ७
हीटर सुरू झाला आणि पान उडालं. सोळाव्या पानावर चित्र आहे. कबर, तिच्यावर शंख. खाली चार ओळी आहेत. वाचल्या. पिवळी पेन्सिल हातात होती, रेघ मारवली नाही.

मार्सीने स्वयंपाकघरातून विचारलं, काय वाचतोयस. म्हटलं, काही नाही.